गहाण घर, थकलेले हप्ते आणि नादारीचा अर्ज: कोणत्या तारखेला काय करायचं

बँकेची नोटीस दारावर आली की सांगली-मिरजेत काय किंवा साताऱ्यात काय, कुणीतरी हमखास सांगतं, ‘कोर्टात दिवाळखोरी जाहीर करून टाका, घराला कुणी हात लावणार नाही.’ यूट्यूबवर पाहिलेली अमेरिकेतली माहिती या सल्ल्यामागे बऱ्याचदा असते. तिथे दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला की वसुली आणि घराचा लिलाव आपोआप थांबतो. त्यांच्या कायद्याच्या प्रकरण १३ खाली थकलेले हप्ते तीन ते पाच वर्षांत फेडायची योजनाही कोर्टाकडून मंजूर करून घेता येते. आपल्याकडे घरकर्ज घेतलेल्या पगारदाराला किंवा दुकानदाराला अशी सोय नाही. इथे घर वाचलंच तर वेळेत दिलेल्या हरकतीने, वेळेत केलेल्या विक्रीने नाहीतर वेळेत भरलेल्या पैशाने. नादारीच्या, म्हणजे दिवाळखोरीच्या, अर्जाला त्याची जागा आहे, पण ती वेगळी. ती पुढे सविस्तर येईल.

आधी पैसे कुणाचे ते पाहा

कर्ज कुणी दिलं त्यावर कोणता कायदा लागणार हे ठरतं, आणि कायद्यावर तुमच्या हातातले दिवस.

राष्ट्रीयीकृत किंवा खाजगी बँक, आणि बहुतेक गृहवित्त कंपन्या, २००२ च्या सरफेसी कायद्याने वसुली करतात. कोर्टात दावा न लावता नोटीस, ताबा, लिलाव. सहकारी बँकेला हा कायदा लागू आहे का, यावर बरीच वर्षं वाद होता. मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ५ मे २०२० ला तो संपवला: लागू आहे. तेव्हा ‘आमची बँक सहकारी आहे, तिला सरफेसी चालत नाही’ हा जुना मुद्दा आता कुठेही टिकत नाही. एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली वित्त कंपनी, असेल तर कंपनीची मालमत्ता १०० कोटींची आणि तुमचं कर्ज २० लाखांचं किंवा जास्त असावं लागतं.

पतसंस्थेला सरफेसी नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेते आणि मग तिचा वसुली अधिकारी नियम १०७ प्रमाणे जप्ती-लिलाव करतो. १०१ च्या सुनावणीला हजर न राहणं ही इथली सगळ्यात महागडी चूक. एकदा दाखला निघाला की कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करायला दाखल्यातल्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. लिलाव झालाच, तर विक्रीच्या दिवसापासून ३० दिवसांत सगळी थकबाकी आणि खरेदी रकमेच्या ५ टक्के भरून विक्री रद्द करून घेता येते. सरफेसीत लिलावानंतर अशी सवलत मिळत नाही.

शेवटचा प्रकार खाजगी सावकार. व्याजाने पैसे देताना घराचं किंवा जमिनीचं ‘खरेदीखत’ करून घेतलेलं असेल, तर डीआरटी (कर्जवसुली न्यायाधिकरण), बँक यांचा काही संबंध नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. बेकायदा सावकारीतून गेलेली स्थावर मालमत्ता, व्यवहार १५ वर्षांच्या आतला असेल तर, परत देण्याचा आदेश ते काढू शकतात.

गहाण काय ठेवलंय तेही पाहा. शेतजमिनीवरच्या तारणाला सरफेसी लागत नाही. पण सातबाऱ्यावर ‘शेती’ लिहिलंय एवढ्याने भागत नाही. तारण दिलं तेव्हा जमिनीत प्रत्यक्ष पीक होतं का, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ आणि २०२३ च्या निकालांत महत्त्वाचं धरलंय, आणि ते दाखवायची जबाबदारी कर्जदाराची. द्राक्षबाग किंवा ऊस असेल तर पीकपाहणीच्या नोंदी, कारखान्याची ऊसबिलं, वीजपंपाची बिलं काढून ठेवा. गोडाऊन बांधलेल्या गटावर हा मुद्दा चालणार नाही. याशिवाय एकूण बाकी मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी उरली असेल, किंवा तारणावरचं देणं १ लाखाच्या आत असेल, तरीही सरफेसी वापरता येत नाही.

दिवस कसे मोजायचे

एक उदाहरण घेऊ. सांगलीच्या विश्रामबागेतला फ्लॅट, २५ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं मुदत. हप्ता साधारण २२,५०० रुपये. ५ मार्चचा हप्ता चुकला आणि त्यानंतर काहीच भरलं नाही. ३ जूनला ९० दिवस होतात आणि खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत (अनुत्पादक) कर्ज, होतं. त्याआधी ३०-३० दिवसांच्या तीन पायऱ्या असतात. बँकेत त्यांना एसएमए-०, १ आणि २ म्हणतात. हप्त्यांची फेरआखणी मागायची खरी वेळ हीच. तेव्हा शाखाधिकाऱ्याच्या हातात काहीतरी असतं, एनपीएनंतर फाइल वसुली विभागाकडे जाते.

एनपीए झाल्यावर लोक एक हप्ता भरतात आणि खातं सुरळीत झालं असं समजतात. तसं होत नाही. नोव्हेंबर २०२१ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे मुद्दल आणि व्याजाची संपूर्ण थकबाकी भरली तरच खातं एनपीएतून बाहेर येतं. तीन हप्ते थकले असतील तर तीनही, म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे ६७,५०० आणि वर दंड. सगळं कर्ज एकदम फेडण्यापेक्षा हे फार सोपं असतं, म्हणून दागिने मोडायचेच असतील तर ते या टप्प्यावर मोडावेत, लिलावाच्या आदल्या आठवड्यात नव्हे.

कलम १३(२) ची नोटीस: ६० दिवस

समजा सरफेसीखाली २० जूनची नोटीस आली, मागणी कर्जाच्या सगळ्या बाकीची, २१,४०,००० रुपये. ती भरायला नोटिशीच्या तारखेपासून ६० दिवस, म्हणजे १९ ऑगस्टपर्यंत. रजिस्टर पत्र घ्यायला नकार देऊन काही साधत नाही. दाराला चिकटवून आणि वर्तमानपत्रात छापून नोटीस बजावता येते, आणि तुमचे दिवस मात्र वाया जातात.

नोटीस मिळाली की पाकीट टाकू नका. त्यावरचा पोस्टाचा शिक्का आणि मिळाल्याची तारीख पुढे लागते. त्याच आठवड्यात बँकेकडून कर्जखात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा मागवा आणि या गोष्टी तपासा: एनपीएची तारीख बरोबर आहे का, भरलेला एखादा हप्ता जमा दिसत नाही का, विमा किंवा ‘इतर आकार’ कर्जात घुसवलेत का, मालमत्तेचा सिटी सर्व्हे किंवा गट क्रमांक खरा आहे का, नोटीस सर्व सहकर्जदारांना आणि जामीनदारांना गेली का. दंडाकडे खास लक्ष द्या. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या नियमांत दंडव्याज ही गोष्टच राहिलेली नाही. दंड वेगळा आकारायचा, मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायचं नाही. जुन्या खात्यांनाही ३० जून २०२४ पर्यंत हे लागू करायचं होतं. शिवाय सेरसाईच्या, म्हणजे तारणांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय नोंदवहीच्या, संकेतस्थळावर शोध घ्या. तारणाची नोंद तिथे नसेल तर कलम २६डी प्रमाणे बँकेला सरफेसी वापरता येत नाही.

मग हरकत द्या. ती प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावे, रजिस्टर एडीने आणि ईमेलनेही. भाषा साधी पुरते:

‘आपली दि. २० जूनची कलम १३(२) ची नोटीस मला दि. २५ जून रोजी मिळाली. कलम १३(३ए) अन्वये माझी हरकत अशी: दि. … रोजी भरलेले रु. … खात्यात जमा दिसत नाहीत. दंडापोटी आकारलेल्या रु. … चा तपशील व आधार द्यावा. थकीत हप्ते दि. … पर्यंत भरण्याची माझी तयारी असून खाते नियमित करावे. कारणांसह लेखी उत्तर मिळावे.’

उत्तर १५ दिवसांत द्यायचं बंधन बँकेवर आहे. उत्तर आलंच नाही तर पुढे डीआरटीत हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा ठरतो. मात्र नुसत्या उत्तरावर नाराज होऊन लगेच डीआरटीत जाता येत नाही. त्यासाठी बँकेने कलम १३(४) चं, म्हणजे ताबा घेण्याचं, पाऊल टाकलेलं असावं लागतं.

या काळात एक गोष्ट अजिबात करू नका: घर बायकोच्या किंवा भावाच्या नावे बक्षीसपत्राने करणं. कलम १३(१३) प्रमाणे नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विक्री किंवा भाडेपट्टा चालत नाही. गहाणाचा बोजा तर घरासोबत जातोच. अशा दस्ताने घर वाचत नाही, फक्त तुमच्या हेतूवर शंका येते. नोटिशीनंतर घाईने उभा केलेला भाडेकरू किंवा भावाभावांचा वाटणीचा दावा, यांचीही तीच गत. कलम ३४ ने दिवाणी कोर्टाचा रस्ता जवळजवळ बंदच केलेला आहे.

ताबा आणि ४५ दिवस

२८ ऑगस्टला बँक दारावर ताब्याची नोटीस लावते. सात दिवसांच्या आत, म्हणजे ४ सप्टेंबरपर्यंत, ती दोन प्रमुख दैनिकांत छापून यायला हवी, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. याला प्रतीकात्मक ताबा म्हणतात. तुम्ही घरातच राहत असता, म्हणून बहुतेक जण निवांत राहतात, आणि इथेच घोडं पेंड खातं. डीआरटीत जायचे कलम १७ चे ४५ दिवस याच ताब्यापासून मोजायचे. आपल्या उदाहरणात शेवटची तारीख १२ ऑक्टोबर. कुलूप लागेपर्यंत थांबायची गरज नाही, प्रतीकात्मक ताब्यालाही आव्हान देता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय.

सातारा आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांसाठी कर्जवसुली न्यायाधिकरण पुण्याला आहे. कर्जदाराच्या अर्जाची फी: १० लाखांच्या आतल्या देण्याला दर लाखामागे ५००, त्यापुढे ५,००० अधिक वरच्या प्रत्येक लाखाला किंवा त्याच्या भागाला २५०. २१.४० लाखांना ८,००० रुपये होतात. अर्जासाठी रक्कम भरण्याची अट नाही, पण स्थगिती देताना बहुतेक वेळा काही रक्कम भरायला सांगतात, तेव्हा रिकाम्या हाताने पुणे गाठू नका. तिथे हरलात तर मुंबईच्या अपिली न्यायाधिकरणात ३० दिवसांत जायचं, आणि तिथे देण्याच्या ५० टक्के आधी भरायचे. ही रक्कम २५ टक्क्यांपर्यंत कमी करून मिळू शकते. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आल्याने रिट करणं जवळचं वाटतं. पण डीआरटीचा मार्ग उपलब्ध असताना रिट सहसा ऐकली जात नाही.

प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करते. आदेशाची मुदत ३० दिवस, कारण नोंदवून एकूण ६०. तिथे कर्ज खरं की खोटं याचा निवाडा होत नाही, बँकेच्या प्रतिज्ञापत्रातल्या बाबी तपासल्या जातात एवढंच. त्यामुळे जिल्हाधिकाऱ्यांना निवेदनं देण्यात दिवस घालवू नका. आदेश निघाला की तहसीलदारांकडून पोलीस बंदोबस्तात ताबा घेतला जातो. घरातल्या सामानाची यादी पंचनाम्यात नीट लिहून घ्या आणि प्रत मागा.

लिलावाच्या जाहिरातीआधी स्वतः विका

आमचं मत स्पष्ट आहे: थकबाकी भरण्याची शक्यता नसेल, तर बँकेची संमती घेऊन घर स्वतः विकणं हा बहुतेकांसाठी सगळ्यात कमी तोट्याचा मार्ग. बाजारात ३२ लाखांना जाणारा फ्लॅट लिलावात २६ लाखांच्या राखीव किमतीला लागू शकतो, कारण लिलावातला गिऱ्हाईक ताबा आणि वादाची जोखीम धरूनच बोली लावतो. कृष्णाकाठच्या पूररेषेजवळचं घर असेल तर फरक आणखी वाढतो.

पद्धत अशी. बँकेकडून खातं बंद करण्याच्या रकमेचं तारखेसह पत्र घ्या. गिऱ्हाईकासोबत इसार करार करा आणि त्यात बँकेचा बोजा, रक्कम, नोटिशीची तारीख हे सगळं उघड लिहा. लपवलेला बोजा म्हणजे फसवणुकीची फिर्याद. बँकेची लेखी संमती घ्या. गिऱ्हाईकाने रक्कम थेट कर्जखात्यात भरायची, उरलेली तुम्हाला. मग बँकेचा नादेय दाखला, गहाण सोडल्याचा दस्त, दुय्यम निबंधकांकडे खरेदीखत, शेवटी मिळकत पत्रिकेवरचा किंवा सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा कमी करणं.

हे सगळं कधीपर्यंत? २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळी रक्कम भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होईपर्यंतच आहे, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. जाहिरातीनंतर पैसे घेऊन जाणं म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. जाहिरात आणि पहिला लिलाव यांत किमान ३० दिवस लागतात, पहिला फसला तर पुढच्यासाठी १५. वरच्या तारखा जोडल्या तर पहिल्या चुकलेल्या हप्त्यापासून सात महिन्यांत लिलाव होऊ शकतो.

एकरकमी तडजोड, म्हणजे ओटीएस, मागायला हरकत नाही. पण ती हक्काने मिळत नाही, हे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे भरू नका, वसुली एजंटाकडे रोख तर कधीच नाही. पत्रात शेवटची तारीख, एक हप्ता चुकला तर काय, आणि कागदपत्रं कधी परत, हे तीन मुद्दे असलेच पाहिजेत. एजंटाने सकाळी ८ च्या आधी किंवा संध्याकाळी ७ नंतर फोन केला तर नोंद ठेवून बँकेकडे तक्रार करा.

मग नादारीचा अर्ज कशासाठी?

नादारी व दिवाळखोरी संहिता २०१६ साली आली, पण सामान्य व्यक्तींच्या दिवाळखोरीचा तिचा भाग कंपन्यांचे वैयक्तिक जामीनदार सोडले तर लागूच केलेला नाही. त्यामुळे सातारा-सांगलीत आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा चालतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयात होतो. अर्जासाठी किमान देणं ५०० रुपये, ही शंभर वर्षांपूर्वीची रक्कम तशीच आहे.

नादार ठरवल्याचा आदेश झाला की तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि विनातारण घेणेकऱ्यांना कोर्टाच्या परवानगीशिवाय वसुली करता येत नाही. पण कलम २८(६) वाचा: तारणधारकाला त्याचं तारण विकण्याचा अधिकार जसाच्या तसा राहतो. घरावर बँकेचं गहाण आहे, म्हणून बँक लिलाव पुढे नेऊ शकते. सगळी गोम या एका पोटकलमात आहे.

मग फायदा कुणाला? ज्याच्यावर घरकर्जाबरोबर हातउसने, व्यापाऱ्यांची उधारी, क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज असं बरंच विनातारण देणं साचलंय, त्याला. घर विकून कर्ज फिटलं नाही तर उरलेली तूट बँक कलम ४७ प्रमाणे इतर देण्यांच्या रांगेत मांडू शकते. शेतकरी किंवा मजूर स्वतः राहत असलेलं घर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मुळे विनातारण देण्यापोटी जप्त होत नाही आणि नादारीतही रिसीव्हरकडे जात नाही. तेच घर गहाण ठेवलं असेल तर गहाणदारापुढे ही ढाल चालत नाही.

किंमत मात्र मोठी. आदेशानंतर मुक्तता मिळेपर्यंत जे कमवाल किंवा वारसाने मिळेल तेही रिसीव्हरच्या कक्षेत येतं. आधीच्या दोन वर्षांतली फुकटची हस्तांतरणं आणि तीन महिन्यांत एखाद्याच घेणेकऱ्याला दिलेलं झुकतं माप रद्द होऊ शकतं. मालमत्ता लपवली तर एक वर्षापर्यंत कैद. मालमत्तेतून रुपयामागे ५० पैसेही वसूल होण्यासारखे नसतील, तर परिस्थिती तुमच्या हाताबाहेर होती हे पटवल्याशिवाय कोर्ट पूर्ण मुक्तता नाकारतं. पूर, पीक बुडणं, आजारपण यांचे कागद इथे कामाला येतात. मुक्ततेचा अर्ज कोर्टाने दिलेल्या मुदतीतच करायचा. तो राहिला तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि सगळे घेणेकरी वसुलीला पुन्हा मोकळे.

कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत कारखाना असलेल्यांचं गणित वेगळं. कंपनीचं प्रकरण मुंबईच्या एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) दाखल होऊन कंपनीवरच्या वसुलीला स्थगिती मिळाली, तरी तिच्या कर्जाला जामीन राहिलेल्या संचालकाच्या घराला ती लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच हे सांगितलं. जामीनदाराला स्वतःचा अर्ज २०१६ च्या संहितेच्या कलम ९४ खाली करता येतो, आणि कलम ९६ मध्ये अर्ज दाखल होताच अंतरिम स्थगितीची तरतूद आहे. लिलाव लांबवण्यासाठी तिचा इतका वापर झाला की २०२५ च्या दुरुस्ती विधेयकाने नेमका याच तरतुदीला हात घातला. त्यामुळे अर्जाचा खर्च करण्याआधी कलमाची आजची स्थिती वकिलाकडून तपासून घ्या. भागीदारी किंवा एकट्याच्या मालकीच्या धंद्याला हा मार्ग नाही, ते १९२० च्या कायद्यातच येतात.

हातोडा पडल्यावर

बोली जिंकणारा २५ टक्के त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी भरतो, उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. संमतीने ही मुदत तीन महिन्यांपर्यंत वाढू शकते. तो चुकला तर त्याची रक्कम जप्त होते आणि घर पुन्हा लिलावात येतं. विक्री कायम झाल्यावर बँकेकडून हिशोब लेखी मागा: मिळालेली रक्कम, खर्च, कर्जाची बाकी. जास्त आलेला पैसा तुमचा आहे आणि तो मागावा लागतो. तूट राहिली तर बँक कलम १३(१०) खाली ती तुमच्याकडून आणि जामीनदाराकडून वसूल करू शकते, घर गेलं म्हणजे देणं संपलं असं नाही. लिलावात गेलेल्या घरावरचा भांडवली नफाही तुमच्याच नावावर धरला जातो, म्हणून त्या वर्षीचं विवरणपत्र भरताना सीएला लिलावाचे कागद दाखवा.

आणि तुम्ही पूर्ण कर्ज फेडून घर सोडवलं असेल, तर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. डिसेंबर २०२३ पासून बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. कागद घेताना कर्जाच्या वेळी दिलेल्या यादीशी एकेक पान ताडून घ्या.